दुसरे कुलूप

दवाखान्याचे बिल विमा कंपनीकडे जाते आणि पैसे परत येतात. अमेरिकेत या वाटेवर ‘चेंज हेल्थकेअर’ ही कंपनी बसलेली आहे. वर्षाला सुमारे १५ अब्ज व्यवहार तिच्या हातून जातात.

१२ फेब्रुवारी २०२४ रोजी चोरलेला पासवर्ड वापरून कुणीतरी तिच्या एका प्रवेशद्वारातून आत शिरले. पासवर्डनंतर फोनवरचा अंक विचारायचा (बँकांनी आपल्याला ही सवय लावलीच आहे), ते दुसरे कुलूप या दाराला नव्हते. एकदा आत आल्यावर दालनामागून दालन गाठता आले. बिले भरणाऱ्या कारकुनाला त्याच्या कामापुरतेच दालन उघडावे, हा साधा हिशेब किती मोलाचा, ते इथे कळते. नऊ दिवसांनी घुसखोरांनी यंत्रणाच गोठवली. लहान दवाखान्यांना पगार भागवणे अवघड झाले.

मालक कंपनीचे तेव्हाचे प्रमुख अँड्र्यू विटी यांनी मे महिन्यात अमेरिकी संसदेत सांगितले, की बाहेरून उघडणाऱ्या सर्व प्रणालींना दुसरे कुलूप हवे, असा कंपनीचा नियमच होता. खरी गोम मला इथे दिसते. ‘चेंज’ २०२२ मध्ये विकत घेतलेली. नियम एका घराचा, दार दुसऱ्या घरातून आलेले.

२.२ कोटी डॉलरची खंडणी दिली गेली. तरीही सुमारे १९ कोटी लोकांची माहिती बाहेर गेलीच.