हक्काची नोंद कोठे राहते?



वसंत व्याख्यानमालेत साहित्यावर, इतिहासावर पुष्कळ ऐकावयास मिळते. मी मात्र आज संगणकातील एका नोंदीविषयी बोलणार आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे कामगारांच्या वह्या तपासता तपासता झाले. हा विषयही मुळात वहीचाच आहे.

आमच्या संघटनेसाठी एका होतकरू तरुणाने ऊसतोड कामगारांच्या नोंदणीची वेबसाइट तयार केली. नांदूरघाटची एक बाई आली. मोबाइलवर आलेला आकडा टाकून तिला आत घेतले आणि 'काम ऊसतोड, हंगाम नऊ' अशी नोंद केली. ती पडद्यावर दिसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आत शिरलो, तर नाव कायम आणि नोंद गायब! बाई म्हणाली, "भाऊ, काल मी ऊसतोडीची होते, आज कोण झाले?"

या प्रश्नाचे उत्तर समजून घेऊ.

आपण जिच्याशी व्यवहार करतो ती दूरची यंत्रणा, म्हणजे सर्व्हर, मूळची विसराळू असते. पान उघडण्याची आपली प्रत्येक मागणी तिला नवीच वाटते. यावर १९९४ साली नेटस्केप कंपनीच्या लू माँटुली यांनी उपाय काढला. सर्व्हरने एक लहानशी चिठ्ठी द्यावी आणि आपल्या ब्राउझरने ती प्रत्येक मागणीबरोबर परत दाखवावी. हीच ती 'कुकी'. कारखान्याच्या गेटवर मिळणाऱ्या पासासारखी ती समजा. पासवर्ड पटला की पास मिळतो. बाहेर पडलो किंवा मुदत संपली की तो रद्द होतो.

या पासावर नावाखेरीज आणखीही गोष्टी लिहिता येतात: हा मुकादम आहे, ही तोडणी कामगार आहे, हिला अमुक पान पाहण्याचा अधिकार आहे. अशा प्रत्येक गोष्टीला इंग्रजीत 'क्लेम' म्हणतात. आपण 'दावा' म्हणू.

आमच्या तरुणाची चूक एवढीच, की त्याने दावा पासावर लिहिला, वहीत लिहिला नाही. पास संपला, दावाही संपला. वही म्हणजे सर्व्हरकडील कायमचा माहितीसाठा. दावा आधी तेथे नोंदवावयाचा आणि माणूस आत येईल त्या प्रत्येक वेळी वहीत पाहून नव्या पासावर उतरवावयाचा. दुरुस्ती चारदोन ओळींची होती. परंतु त्या ओळींवाचून बाईचे नऊ हंगाम वाऱ्यावर होते.

येथे तीन पथ्ये पाळावी लागतात. पहिले, वहीतील खाते न बदलणाऱ्या क्रमांकावर असावे. मोबाइल क्रमांकावर ठेवाल, तर क्रमांक बदलताच माणूस परका होईल. दुसरे, पासावर सर्व्हरची सही हवी. नाहीतर कोणीही स्वतःच्या हाताने 'मुकादम' लिहून आत येईल. तिसरे, पासाची मुदत थोडी असावी. वहीतून अधिकार काढला, तरी जुन्या पासावर तो मुदत संपेपर्यंत चालत राहतो.

कोणी म्हणेल, आधार असताना हे कशाला? पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिला गेला. परंतु ही तीच व्यक्ती, एवढीच ग्वाही आधार देते. तिने किती हंगाम ऊस तोडला, हे आधारला ठाऊक नाही. ओळख बाहेरून आणता येते. आपल्या कामाचे दावे आपल्याच वहीत जपावे लागतात.

कामगार चळवळीला हे तत्त्व नवे नाही. हमालाचा मालक रोज बदलतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. मग त्याची रजा, त्याचा भविष्यनिर्वाह निधी कोणाच्या वहीत जमा व्हावा? १९६९ च्या माथाडी कायद्याने उत्तर दिले: मंडळाच्या वहीत. मालक बदलला तरी नोंद टिकते. संगणकवाले हेच आपल्या भाषेत सांगतात.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो. हंगामात उचल फिटली नाही, तर बाकी मुकादमाच्या वहीत पुढच्या हंगामाला जशीच्या तशी उतरते. ती कधी पुसली गेल्याचे मी पाहिले नाही. पण त्या बाईने किती वर्षे कोयता चालवला, हे मात्र दर हंगामाला पहिल्यापासून सांगावे लागते. देणे टिकते आणि हक्क विसरला जातो, हा यंत्राचा दोष नव्हे. वहीत काय लिहावयाचे हे माणूस ठरवतो.

म्हणून कोणत्याही योजनेत तुमचे नाव नोंदले गेले, तर पडद्यावर दिसले एवढ्यावर समाधान मानू नका. बाहेर पडा, पुन्हा आत शिरा आणि पाहा. नोंद तेव्हाही दिसली, तर ती वहीत गेली असे समजा. न दिसली, तर त्या बाईसारखे तिथल्या तिथे विचारा.