सवलत की हक्क?

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, प्रतापगडच्या परिसरात, गोठणगाव येथे तिबेटी निर्वासितांची 'नॉर्ग्येलिंग' ही वसाहत आहे. १९७२ मध्ये ती वसली, तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे. प्रतापगडावर महाशिवरात्रीस यात्रा भरते, तेथील दर्ग्यावर भाविकांची रीघ लागते आणि वसाहतीतील मठात मंत्रपठण चालते. यांपैकी कोणासही आपला देव वा गुरू सरकारकडून मंजूर करून घ्यावा लागत नाही. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की, तिचे मोल आपणांस जाणवेनासे झाले आहे.

ज्या भूमीतून हे लोक आले, तेथील असंख्य मठ सांस्कृतिक क्रांतीच्या काळापर्यंत उद्ध्वस्त झाले होते. माओंच्या निधनानंतर वारे फिरले. मे १९८० मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस हू याओबांग यांनी ल्हासास जाऊन पक्षाच्या अपयशाची कबुली दिली. १९८२ च्या राज्यघटनेच्या छत्तिसाव्या कलमाने धर्मश्रद्धेचे स्वातंत्र्य मान्य केले. १९८६ मध्ये ल्हासात मोनलाम हा प्रार्थनामहोत्सव पुन्हा भरला. जोखड सैल झाले, हे प्रांजळपणे मान्य केलेच पाहिजे.

परंतु त्या कलमाने संरक्षण दिले ते केवळ 'सामान्य' धर्माचरणास. आणि सामान्य कोणते, हे ठरविणार सरकारच! मार्च १९८९ मध्ये ल्हासात लष्करी कायदा पुकारला गेला. १९९५ मध्ये दलाई लामांनी पंचेन लामा म्हणून मान्यता दिलेल्या सहा वर्षांच्या बालकास ताब्यात घेण्यात आले. तो पुन्हा जगाच्या दृष्टीस पडलेला नाही. २००७ च्या नियमांनी तर लामांच्या पुनर्जन्मासही सरकारी मंजुरी आवश्यक केली. निरीश्वरवादी पक्षाने पुनर्जन्माचे दप्तर सांभाळावे, यापरता विसंगतीचा मासला कोणता? जुलै २०२५ मध्ये दलाई लामांनी, उत्तराधिकारी शोधण्याचा अधिकार आपल्या न्यासाचाच असल्याचे जाहीर केले, तेव्हा बीजिंगने सरकारी मंजुरीचा हेका पुन्हा धरला.

आपल्या घटनेचे पंचविसावे कलमही निरंकुश नव्हे. सुव्यवस्था, नीती व आरोग्य यांच्या मर्यादा त्यास आहेत. मात्र सरकारने त्या मर्यादांचा आधार न्याय्यपणे घेतला की नाही, हे सामान्य नागरिकास न्यायालयात विचारता येते. सवलत धन्याची मर्जी फिरताच जाते. हक्काचा जाब मागता येतो. गोठणगावच्या वृद्धांना हे अंतर कळावयास हिमालय ओलांडावा लागला. आपणांस हा हक्क घरबसल्या लाभला, म्हणून त्याची राखण करण्याचे विस्मरण न व्हावे.