ताठलेला कणा आणि कोंडलेला श्वास

कंबरदुखी म्हटली की आपल्याला म्हातारपण आठवते. पण ‘अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस’ हा विकार बहुधा आपल्याच वयात, विशी-पंचविशीत, सुरू होतो. सकाळी कंबर आखडलेली असते. ती मोकळी होते हालचालीने, विश्रांतीने नव्हे. पुढे काहींचे मणके एकमेकांस सांधले जातात. फुप्फुसांशी याचा संबंध काय, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

बरगड्याही मागे मणक्यांशी सांध्यांनीच जोडलेल्या असतात. ते सांधे आखडले की छातीचा पिंजरा फुगेनासा होतो. दीर्घ श्वासासरशी निरोगी तरुणाची छाती ५ सेंटिमीटर तरी फुगते; येथे कधी अडीचही नाही. मग सारा भार श्वासपटलावर येतो. ते बिचारे बरेचसे निभावूनही नेते! सिगारेटचे शौकीन मात्र त्याचे काम आणखी अवघड करतात.

दुसरा उपद्रव विरळा, पण फसवा. मेयो क्लिनिकच्या १९७७ च्या पाहणीत २०८० रुग्णांपैकी अवघ्या २८ जणांच्या फुप्फुसांत वा त्यांच्या आवरणात दोष आढळले. फुप्फुसाचा वरचा भाग निबर होतो, पोकळ्या पडतात. एक्स-रेत हे चित्र थेट क्षयासारखे दिसते. आपल्या देशात क्षय विपुल. तेव्हा थुंकी न तपासता नुसत्या फोटोवरून क्षय ठरवणे किंवा नाकारणे, दोन्ही धोक्याचे. त्या पोकळ्यांत ‘अ‍ॅस्परजिलस’ बुरशी वाढली तर खोकल्यातून रक्तही पडते. शिवाय, हल्लीची टीएनएफ-रोधक इंजेक्शने सांध्यांना आराम देतात, पण दडलेला क्षय जागा करू शकतात. म्हणून ती देण्याआधी क्षयाची तपासणी करून घेतात.