बाळ पाहायला जाताना...

"भेटण्याची वेळ सायंकाळी ४ ते ६. एका वेळी एकच व्यक्ती." प्रसूतिगृहाच्या दारावर अशी पाटी असते. ती वाचून परत फिरलेला माणूस मात्र इतक्या वर्षांत माझ्या पाहण्यात नाही!

आमच्या पनवेलला उरण, पेण, कर्जत, खालापूर अशा चहूबाजूंनी बाळंतिणी येतात. बाळ झाल्याचा निरोप गेला की मिळेल त्या गाडीने आजी, आत्या, काका, मावशी, त्यांची मुले असा दहा-बारा माणसांचा गोतावळा दाखल होतो. हातात डबा आणि पेढ्यांचा पुडा. दारावर अडवले की ठरलेले उत्तर येते, "अहो, आम्ही घरचीच माणसं!" एवढ्या लांबून आलेल्या माणसाला वाईट वाटणारच. म्हणूनच हा नियम कशासाठी, ते आज समजावून सांगते.

काही वर्षांपूर्वी एका बाळाची आत्या अशीच हौसेने आली. तिला सर्दी होती. तिने बाळाला छातीशी धरले, पापे घेतले. पाच-सहा दिवसांनी तेच बाळ परत आणावे लागले. दूध ओढत नव्हते, श्वास धापेसारखा चालला होता. आठवडाभर ते अतिदक्षता विभागात होते. सुदैवाने बरे झाले. त्या आत्याने मला विचारले, "डॉक्टर, माझ्यामुळे का हो?" सर्दी नेमकी कोणाकडून आली हे खात्रीने सांगता येत नाही, तसे मी तिला सांगितले. पण तिचा तो चेहरा मी विसरलेले नाही.

मोठ्या माणसाची साधी सर्दी नवजात बाळाच्या छातीत उतरू शकते. गर्भात असताना आईकडून वारेतून बाळाला काही प्रतिकारद्रव्ये मिळतात, पुढे चिकातून आणि दुधातून मिळतात. तरीही त्याची स्वतःची प्रतिकारशक्ती अजून तयार व्हायची असते. डांग्या खोकल्याच्या लसीचा पहिला डोस दीड महिन्यानंतरच मिळतो. तोवर आजूबाजूच्या माणसांची काळजी हेच त्याचे मोठे संरक्षण. बाळंतिणीचेही तसेच. टाके ओले असतात, गर्भाशयाच्या आतली जखम भरायची असते. तेथे जंतू शिरले तर बाळंतज्वर येतो.

आपुलकीचे हात

या बाळंतज्वराची एक जुनी हकीकत आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एक डॉक्टर आणि विद्यार्थ्यांचा, दुसरा सुईणींचा. डॉक्टरांच्या विभागात बाळंतिणी कितीतरी जास्त दगावत. डॉ. सेमेलवाइस यांच्या लक्षात आले की शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर त्याच हातांनी बाळंतिणींना तपासतात. मे १८४७ पासून त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बायका मरत होत्या, जूनमध्ये हे प्रमाण शंभरात दोनवर आले. ते डॉक्टर वाईट नव्हते, बायकांना वाचवायलाच येत होते. रोग आपुलकीच्या हातांवरूनही येतो, एवढेच त्यांना ठाऊक नव्हते. म्हणून हा नियम आम्हा डॉक्टरांना आणि परिचारिकांनाही आहे. "आपण हात धुतलेत ना?" असे आम्हाला विचारायला संकोचू नका.

काय करावे?

अनेकांना वाटते, चपला बाहेर काढल्या की झाले. चपलांपेक्षा हात महत्त्वाचे. बाळाला हात लावण्यापूर्वी अंगठी, बांगड्या वर सारून साबणाने मिनिटभर हात धुवावेत. मोबाइल हाताळला तर पुन्हा धुवावेत. बाळाचा पापा कोणीच घेऊ नये. सर्दी, ताप, खोकला, जुलाब, अंगावर पुरळ, ओठांवर पाणेरी फोड यांपैकी काहीही असेल तर जाऊच नये. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असणाऱ्याने आधी स्वतःची थुंकी तपासून घ्यावी. लहान मुलांना सोबत नेऊ नये. पलंगावर बसू नये. नाळेला हळद, तेल, राख काही लावू नये. ती कोरडी ठेवावी.

मात्र गर्दी टाळायची म्हणजे बाळंतिणीला एकटे टाकायचे असे नव्हे. प्रसूतीच्या वेळी विश्वासाची एक बाई जवळ असावी, हे केंद्र सरकारनेही २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांसाठी मान्य केले. सोबतीला एक निरोगी, ठरलेले माणूस असावे. बाकीच्यांनी मोबाइलवर बाळाचे तोंड पाहावे.

आपल्याकडे पूर्वी बाळंतिणीची खोली वेगळी असे आणि दहा दिवस सोयर पाळत. त्यातला विटाळ आणि कोंडलेला धूर आपण खुशाल टाकून द्यावा. पण बाळाला गर्दीपासून दूर ठेवण्याची पद्धत तेवढी ठेवण्यासारखी आहे.

हे दिसले तर थांबू नका

बाळ दूध ओढत नाही, मलूल पडले आहे, अंग तापले किंवा गार पडले आहे, मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेत आहे, झटके येत आहेत, नाळेभोवती लाली वा पू आहे. आईला ताप, पोटात दुखणे, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा टाक्यांतून पू आहे, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा.

आणि आत्याबाई, बाळ पाहायची घाई करू नका. बारशाला पाळण्यापाशी पहिला मान तुमचाच आहे. बाळाच्या कानात नाव सांगायला या. फक्त त्या दिवशीही हात धुऊन या आणि सर्दी असेल तर कुर्र दुसऱ्या कोणाला करू द्या.