दुधाच्या पिशवीचा कोपरा

आपले इंदूर 2017 पासून सलग सात वर्षे स्वच्छ सर्वेक्षणात पहिले आले. सकाळी कचऱ्याची गाडी गाणे वाजवत येते आणि घरातली लहान मुलेसुद्धा ओला-सुका कचरा बरोबर ओळखतात. पण आमच्या उन्हाळी शिबिरात दुसरी ते चौथीच्या मुलांना आम्ही विचारले, "गाडीत टाकल्यावर प्लॅस्टिकचे काय होते?" बहुतेकांचे उत्तर होते, "संपते." तेव्हा धडा तिथूनच सुरू करायचे ठरवले.

ओल्या कचऱ्यापासून आपल्याकडे देवगुराडियाच्या प्रकल्पात गॅस तयार होतो. प्लॅस्टिक मात्र कुजत नाही. उन्हाने ते ठिसूळ होते आणि त्याचे बारीक-बारीक तुकडे होत जातात. दुधाची पिशवी धुऊन प्लॅस्टिकच्या वेगळ्या डब्यात दिली तर वितळवून पुन्हा वापरता येते. चिप्सच्या चकचकीत पाकिटात बहुधा वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणे अवघड, म्हणून ते पाकीट मुळात कमी आणणेच बरे.

आणि पिशवीचा कापलेला कोपरा? तो गाडीपर्यंत पोहोचतच नाही. ओट्यावरून खाली, केराबरोबर नालीत, पावसात कान्ह नदीत. कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते आणि क्षिप्रा चंबळला. मुलांनी नकाशावर बोट फिरवून ही वाट शोधली. तेव्हा त्यांना 'संपत नाही' म्हणजे काय ते कळले.

घरी करता येतील अशा दोन गोष्टी सांगतो. एका कुंडीत केळीची साल, कागद आणि चॉकलेटचे वेष्टन पुरा. माती ओली ठेवा आणि महिन्याने मुलांनाच उकरू द्या. दुसरे, घरात आठवडाभरात किती पाकिटे फोडली त्याच्या रेघा मुलांना वहीत मारू द्या. स्वतः लिहिलेला आकडा मनावर ठसतो, हे आम्ही बँकेत आयुष्यभर पाहिले आहे. मात्र मुलांना भीती घालू नका आणि रस्त्यावरचा कचरा उघड्या हातांनी उचलायला लावू नका.

शिबिराच्या तिसऱ्या दिवशी एका मुलीने विचारले, "मग आपण सरबत कशात प्यायलो?" प्लॅस्टिकच्या पेल्यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, म्हणून आम्ही कागदी पेले आणले होते. पण त्यांनाही आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. आम्हाला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवसापासून स्टीलचे पेले आले. विसळायला अर्धा तास जास्त लागतो आणि आम्ही पाळीपाळीने विसळतो.

मुले आपले ऐकण्यापेक्षा आपल्याकडे जास्त पाहतात. तेव्हा उद्या सकाळी दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, पिशवीलाच लटकू द्या. आणि कापताना नातवंडाला जवळ उभे करा.