रॉकेटच्या गेममधले मॉड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

18 नोव्हेंबर 2022 रोजी हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचं विक्रम-एस श्रीहरिकोट्याहून उडालं. खासगी भारतीय कंपनीने उडवलेलं हे पहिलं रॉकेट. तेच रॉकेट ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ या गेममध्ये बांधून उडवावं असं घरातल्या मुलाला वाटलं, तर गाडी लवकरच मॉडवर, म्हणजे गेममध्ये बाहेरून टाकायच्या बदलांवर येते आणि आईवडिलांच्या कपाळावर आठ्या पडतात.

पहिली शंका असते ती हॅकिंगची. ती निराधार आहे. मेक्सिकोतल्या स्क्वाड कंपनीने गेममध्ये ‘गेमडेटा’ नावाचं फोल्डर उघडंच ठेवलं आणि स्वतःची इंजिनं आणि टाक्याही त्यातच ठेवल्या. मॉडची जागाही तीच. मात्र मॉड फुकट मिळाला म्हणून त्यातलं मॉडेल उचलून आपल्या नावावर खपवायचं नाही. प्रत्येक मॉडचा परवाना वेगळा असतो, तो आधी वाचावा.

‘मॉड बनवायला मोठं प्रोग्रामिंग यावं लागतं’ हेही अर्धंच खरं. गेमला नवं वागणं शिकवायचं असेल तर सी-शार्प ही प्रोग्रामिंगची भाषा लागते, नवा आकार हवा असेल तर ब्लेंडर आणि युनिटी ही सॉफ्टवेअर. पण असलेल्या इंजिनात फेरफार करायला नोटपॅड पुरतं, कारण प्रत्येक भागाची माहिती साध्या मजकुराच्या सीएफजी फाइलमध्ये असते. नवशिक्यांची गाडी अडते ती एककांपाशी. ‘मास’ टनात लिहायचं असतं. विक्रम-एसचं वजन सुमारे 545 किलो, म्हणजे 0.545 टन. तिथे 545 लिहिलं तर रॉकेट जागचं हलणार नाही. शिवाय ‘मास’ म्हणजे रिकाम्या भागाचं वजन. घन इंधन ‘रिसोर्स’खाली वेगळं मोजतात, एका युनिटला साडेसात किलो. पूर्ण वजन वर लिहून खाली इंधनही भरलं, की इंधन दोनदा मोजलं जातं. मूळ फाइल बदलू नये. ‘मॉड्यूल मॅनेजर’ या मॉडसाठी बदलाची वेगळी छोटी फाइल लिहावी. ती काढली की मूळ इंजिन जसंच्या तसं परत मिळतं.

झिप उघडून कुठेही टाकली की मॉड चालतो, असं नाही. गेमडेटाच्या आत दुसरं गेमडेटा तयार होणं ही नेहमीची चूक. मॉड कोणत्या व्हर्जनसाठी आहे आणि सोबत आणखी कोणते मॉड लागतात, तेही पाहावं लागतं. ‘सीकेएएन’ हा मोफत प्रोग्राम हे सांभाळतो. नवशिक्याने तोच वापरावा.

सगळ्यात खोलवर रुजलेला गैरसमज उंचीचा. विक्रम-एस 89.5 किलोमीटर उंच गेलं आणि बंगालच्या उपसागरात पडलं. गेममधल्या कर्बिन ग्रहाचं वातावरण 70 किलोमीटरवर संपतं, म्हणजे तिथे हे अवकाशच झालं. तरीही ते फेरी मारणार नाही, खालीच येईल. कक्षा उंचीने मिळत नाही, आडव्या वेगाने मिळते. पृथ्वीजवळच्या कक्षेसाठी सेकंदाला सुमारे 7.8 किलोमीटर वेग लागतो, कर्बिनभोवती जेमतेम 2.2, कारण कर्बिनची त्रिज्या 600 किलोमीटर आणि पृथ्वीची 6,371. म्हणून मूळ गेममध्ये कक्षेत गेलेलं रॉकेट खऱ्या पृथ्वीवरूनही जाईल, असं मानणं चूक. ‘रियल सोलर सिस्टिम’ हा मॉड टाकला की ग्रह खऱ्या मापाचे होतात आणि तेच रॉकेट कक्षेत पोहोचण्याआधीच इंधन संपून कोसळतं. म्हणूनच मॉड म्हणजे गेम सोपा करून फसवणूक, हे मला पटत नाही. हा मॉड गेम कितीतरी कठीण करतो, आणि स्कायरूटच्या इंजिनीअरांपुढचं गणित काय असतं याची खरी कल्पना तिथेच येते.

मॉड काढून टाकला की सगळं पूर्ववत होतं, यावर मात्र विसंबू नका. त्या मॉडचे भाग लावलेली अवकाशयानं जतन केलेल्या खेळातून नाहीशी होतात. त्यामुळे मॉड टाकण्याआधी आणि काढण्याआधीही ‘सेव्ह्ज’ फोल्डरची एक प्रत दुसरीकडे ठेवा.