जुन्या पिकअपला दुसरे इंजिन

जालन्याहून मंठ्याकडे जाताना वाटूर लागते. येथून एक रस्ता परतूरकडे फुटतो, म्हणून या जागेला सगळे वाटूर फाटा म्हणतात. या फाट्यावर थोडा वेळ उभे राहा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पिकअप गाड्या पाहा. एखादीत मोसंबीच्या जाळ्या असतील, एखादीत कापूस, एखादीत खताच्या गोण्या. काही गाड्या नव्या असतात. काही इतक्या जुन्या असतात, की त्यांचा मूळ रंग कोणता होता हे मालकालाही आठवत नाही.

आता अशी एक जुनी गाडी डोळ्यांसमोर आणा. समजा, ती तुमच्या चाचांची आहे. तिचे इंजिन थकले आहे. ते ऑइल खाते, धूर सोडते आणि चढावर दम तोडते. नवी गाडी घ्यायला पैसे नाहीत. कोणी तरी सल्ला देतो, "भाई, भंगारात गेलेल्या गाडीचे मोठे इंजिन मिळते, ते बसवून घ्या. मागे एक-दोन पाटे वाढवा. गाडी दुप्पट माल ओढेल." चाचांना सल्ला पटतो. तुम्हांलाही पटला असेल. पण गाडीत एक वस्तू बदलली, की तिच्या शेजारच्या चार वस्तू तक्रार करू लागतात. ही तक्रार कशी सुरू होते, ते पाहू.

इंजिन बदलण्याची कल्पना नवी नाही. ती एकेकाळी एका मोठ्या कारखान्यानेही अमलात आणली होती. आपल्याकडे जीप आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. मुंबईच्या ज्या कंपनीने ती आणली, तिची स्थापना १९४५ साली झाली आणि तिचे पहिले नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' असे होते. १९४८ साली ते 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. अमेरिकेहून सुटे भाग येत आणि मुंबईत ते जोडून जीप तयार होई. या जीपचे इंजिन पेट्रोलवर चाले. ते मजबूत होते, पण तहानलेले होते.

१९७३ साली अरब देशांनी तेलाचा पुरवठा आवळला आणि काही महिन्यांत जगात कच्च्या तेलाची किंमत जवळपास चौपट झाली. पेट्रोलची जीप चालवणे परवडेना. कंपनीच्या घरात एक डिझेल इंजिन आधीच होते, ते म्हणजे ट्रॅक्टरचे. १९६३ साली सुरू झालेल्या 'इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया' या कंपनीत महिंद्राची भागीदारी होती. तिच्या बी-२७५ या ट्रॅक्टरचे इंजिन जीपमध्ये बसवण्यात आले. म्हणजे नांगर ओढणारे इंजिन रस्त्यावर धावू लागले. पुढे फ्रान्समधील पेजो कंपनीशी करार झाला आणि त्या बनावटीचे डिझेल इंजिन नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे तयार होऊ लागले. या इंजिनाचे नाव 'एक्सडीपी ४.९०' असे होते. नावातच त्याचे माप आहे. ४ म्हणजे चार सिलिंडर, ९० म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा व्यास ९० मिलिमीटर. त्यात दट्ट्या ८३ मिलिमीटर वर-खाली होतो. भूमितीच्या तासाला वृत्तचितीचे घनफळ काढायला शिकला असाल, तर हे गणित करून पाहा. चार सिलिंडरांचे मिळून २११२ घनसेंटिमीटर येते. जीपच्या कागदांवर हाच आकडा छापलेला असे.

कारखान्याजवळ अभियंते, यंत्रे आणि चाचणीचे मैदान असते. तरीही इंजिन बदलताना त्यांना पुष्कळ काही बदलावे लागते. मग फाट्यावरच्या गॅरेजमध्ये काय काय पाहावे लागत असेल?

पहिला प्रश्न असतो इंजिन बसण्याचा. इंजिन चासीवर रबरी आधारांवर टेकलेले असते. गॅरेजमध्ये या आधारांना 'फाउंडेशन' म्हणतात. घराचा पाया आणि इंजिनाचा पाया यांना एकच शब्द, आणि तो योग्यच आहे. डिझेल इंजिनात हवा सोळा ते बावीस पट दाबली जाते. त्या दाबाने ती इतकी तापते, की डिझेल आपोआप पेट घेते, ठिणगी लागत नाही. पण या दाबामुळेच डिझेल इंजिन जड असते आणि जोराने थरथरते. मोठे इंजिन हलक्या फाउंडेशनवर ठेवले, तर रबर फाटते, नटबोल्ट ढिले होतात आणि शेवटी चासीला चीर पडते.

दुसरा प्रश्न जोडणीचा. इंजिनाच्या मागे क्लच असतो आणि त्याच्या मागे गियरबॉक्स. एका कंपनीचे इंजिन आणि दुसऱ्या कंपनीचा गियरबॉक्स यांची भोके जुळत नाहीत. मग मिस्त्री मध्ये एक जाड लोखंडी प्लेट तयार करून घेतो. ही प्लेट लेथवर नीट झाली पाहिजे. इंजिनाची फिरणारी दांडी आणि गियरबॉक्सची दांडी एका सरळ रेषेत आल्या पाहिजेत. केसाएवढा फरक राहिला तरी क्लच फडफडतो आणि गियरबॉक्सचे बेअरिंग लवकर जाते. येथे घाई करणारा मिस्त्री मला आवडत नाही. चांगला उस्ताद येथे पुन्हा पुन्हा माप घेतो, आणि मालक बाकावर बसून घड्याळ पाहत असला तरी त्याची पर्वा करत नाही.

तिसरा प्रश्न फेऱ्यांचा. समजा, एक इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेते. मागच्या धुरीतील दातेरी चाके ते फेरे पाचपट कमी करतात, म्हणजे चाक मिनिटाला ८०० वेळा फिरते. चाकाचा घेर २.२ मीटर धरला, तर गाडी मिनिटाला १७६० मीटर जाईल, म्हणजे ताशी सुमारे १०५ किलोमीटर. आता त्याच गाडीत २००० फेऱ्यांपलीकडे न जाणारे इंजिन बसवा. तीच गाडी ताशी ५३ किलोमीटरवर थांबेल. इंजिन ओरडत राहील, पण गाडी पुढे जाणार नाही. म्हणून इंजिनाबरोबर कधी कधी मागच्या धुरीचे क्राउन-पिनियनही बदलावे लागते. हा खर्च सल्ला देणाऱ्याने सांगितलेला नसतो.

रेडिएटरचे थोडक्यात सांगतो. मोठे इंजिन जास्त उष्णता सोडते. जानेवारीत जुना रेडिएटर पुरतो. मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, भरल्या गाडीला तो पुरत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती दिसत नाही, म्हणून विसरली जाते. ती म्हणजे ब्रेक.

तुम्ही म्हणाल, इंजिन बदलले तर ब्रेकचा काय संबंध? पिकअपचा ब्रेक पायाने दाबतात, पण पायाचा जोर एकटा पुरत नाही. त्याच्या मदतीला एक गोल डबा असतो. त्याला बूस्टर म्हणतात. या डब्याच्या एका बाजूची हवा काढून घेतलेली असते. ब्रेक दाबला, की दुसऱ्या बाजूने बाहेरची हवा आत शिरते आणि पायाबरोबर तीही जोर लावते. पण ही हवा काढून कोण घेते? पेट्रोल इंजिन श्वास घेताना आपल्या नळीत पोकळी निर्माण करते, तिचाच उपयोग होतो. डिझेल इंजिनात अशी पोकळी मिळत नाही. म्हणून त्याला एक वेगळा छोटा व्हॅक्यूम पंप लावतात. पुष्कळ गाड्यांत तो आल्टरनेटरच्या मागे बसवलेला असतो.

भंगारातून इंजिन आणताना हा पंप सुटून गेला, किंवा त्याची नळी नीट जोडली नाही, तर काय होईल? गाडी सुरू होईल. ती छान ओढेल. चाचा खूश होतील. पण पहिल्या गर्दीत ब्रेक दाबताच पायाखाली दगड आल्यासारखे वाटेल. ब्रेक लागेल, पण फार उशिरा. शिवाय वेग वाढला, की गाडी थांबवण्याचे काम वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ५० ऐवजी ७० किलोमीटर वेग असेल, तर वेग दीडपटही झालेला नाही, पण ब्रेकचे काम मात्र जवळपास दुप्पट झाले. इंजिनाची ताकद वाढवणाऱ्याने आधी ब्रेककडे पाहावे, असे जाणते मिस्त्री सांगतात. दुर्दैवाने बहुतेक मालक आधी आवाज ऐकतात आणि चढावर गाडी ओढून पाहतात.

आता मागे जाऊ या, पाट्यांकडे.

उर्दूत तुम्ही कमान हा शब्द जाणता. त्यावरूनच उर्दूत स्प्रिंगला कमानी म्हणतात. मराठीतही पिकअपच्या मागच्या स्प्रिंगला कमानपाटे म्हणतात, आणि गॅरेजमध्ये नुसते पाटे. नाव अगदी बरोबर आहे. धनुष्यासारख्या वाकलेल्या पोलादी पट्ट्या एकावर एक ठेवून मध्ये बोल्टने बांधलेल्या असतात. सर्वांत लांब पट्टी तिच्या दोन टोकांनी चासीला जोडलेली असते. एक टोक पक्के असते. दुसरे टोक शॅकल नावाच्या झुलत्या दुव्यावर असते, कारण ओझे पडले की कमान सरळ होऊ लागते आणि तिची लांबी वाढते. तेवढी जागा तिला मिळायला हवी.

पाटा वाढवला, की काय होते? पाच सारख्या पट्ट्यांत सहावी घातली, तर कमान साधारण एक पंचमांशाने कडक होते. पण पट्टीची जाडी वाढवली, तर गोष्ट निराळी. कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरच्या पट्ट्या घातल्या, तर फरक दिसायला फक्त २ मिलिमीटरचा, पण कमान जवळपास दुप्पट कडक होते. म्हणून "थोडी जाड पट्टी टाका" हे बोलणे वाटते तितके साधे नाही.

कडक कमान भरल्या गाडीत वाकत नाही, आणि मालकाला वाटते की गाडी जास्त माल पेलू लागली. खरे तर फक्त कमान पेलू लागली. धुरी तीच, टायर तेच, चासी तीच, ब्रेक तेच. आधी पाटे बसले, की मालकाला कळे की ओझे जास्त झाले. आता ती खूणच नाहीशी होते. आणि परतताना गाडी रिकामी असते, तेव्हा हीच कमान तिला चेंडूसारखी उडवते. खड्ड्यावर चाक क्षणभर हवेत राहते. हवेतल्या चाकाला ब्रेक लावून काय उपयोग? मागे कोणी मजूर किंवा शाळेची मुले बसली असतील, तर त्यांची पाठच हे सांगेल. मालगाडीत माणसे बसवणे कायद्याने चूक आहे, पण फाट्यावर असे बसलेले लोक आपण रोज पाहतो.

आणखी एक गोष्ट. पाटे वाढवले, की गाडीचा मागचा भाग उंच होतो. गियरबॉक्सकडून मागच्या धुरीकडे जाणारा शाफ्ट मग जास्त तिरपा होतो, त्याचे जोड लवकर झिजतात. उंचीमुळे गाडीचा गुरुत्वमध्यही वर जातो. आधीच कापसाचा ढीग छपरापर्यंत. त्यात गाडी उंच. वळणावर ती कोणत्या बाजूला झुकेल, हे सांगायला विज्ञानाचे पुस्तक लागत नाही.

गॅरेजमधले काम झाले, तरी एक काम राहते, ते कागदाचे. प्रत्येक गाडीच्या नोंदणीपत्रात चासीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक आणि इंधन लिहिलेले असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ याच विषयाचे आहे. कंपनीने ठरवलेल्या मूळ नोंदींपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात हेच सांगितले. गाडी सीएनजी, विजेची बॅटरी अशा दुसऱ्या इंधनावर चालवण्यासाठी इंजिनात बदल करायचा असेल, तर त्याला नियमांच्या चौकटीत वाव आहे. इंजिन बदलण्यासाठीही नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि बदलाची नोंद करून घ्यावी लागते. मनाई असलेला बदल केल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे प्रत्येक बदलासाठी ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. जालना जिल्ह्यातील गाड्यांवर एमएच २१ हा क्रमांक असतो, त्यांच्या मालकांना यासाठी जालन्याच्या परिवहन कार्यालयात जावे लागते.

"कोण पाहतो इंजिनाचा नंबर?" असे म्हणणारे लोक आहेत. आठ वर्षांहून जुन्या मालगाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, तेव्हा तो पाहिला जाऊ शकतो. अपघात झाला, तर विमा कंपनी तो नक्की पाहते. नंबर जुळला नाही, की भरपाईसाठी भांडत बसावे लागते, आणि ते भांडण गाडीच्या मालकापेक्षा जखमी माणसाच्या घरच्यांना जास्त महाग पडते. भंगारातले इंजिन चोरीचे असू शकते, हेही विसरू नका. म्हणून विकणाऱ्याकडून पक्की पावती घ्यावी आणि तीवर इंजिनाचा क्रमांक लिहून घ्यावा.

मग चाचांनी काय करावे? माझे मत विचाराल, तर आधी मूळ इंजिनाचीच दुरुस्ती करून पाहावी. सिलिंडर पुन्हा घासून, नवे दट्टे आणि रिंगा घालून तेच इंजिन आणखी कित्येक वर्षे चालते. फाउंडेशन, गियरबॉक्स, शाफ्ट, काही बदलावे लागत नाही. ते जमण्यासारखे नसेल, तर त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे इंजिन शोधावे आणि आधी मंजुरी घ्यावी. पाटे तुटले असतील, तर तितकेच आणि त्याच जाडीचे घालावेत.

काम झाल्यावर गाडी रिकामीच, कमी वेगाने, मोकळ्या रस्त्यावर चालवून पाहावी. ब्रेक पाच-सहा वेळा दाबून पाहावा, एकदा इंजिन चालू असताना आणि एकदा बंद असताना. पायाला फरक कळतो. इंजिन चालू करूनही पाय दगडासारखाच लागला, तर गाडी तिथूनच परत गॅरेजला न्यावी. पाटे बांधणारे यू-बोल्ट पहिल्या काही दिवसांत बसतात आणि ढिले पडतात, म्हणून आठवड्याने ते पुन्हा आवळून घ्यावे लागतात. मिस्त्री हे काम बहुधा पैसे न घेता करून देतो.